टाकळघाटच्या वाटेवर, १८६३

शुक्रवार, ४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला, टाकळघाटच्या शिवारात तुम्ही उभे आहात. पोळा आठवड्यावर आलाय. पावसानं भिजलेली काळी माती पायांना अशी धरते, की दर थोड्या पावलांवर थांबून काडीनं चिखल खरवडावा लागतो. नागपूरला रेल्वे अजून यायची आहे. भोसल्यांचं राज्य खालसा होऊन नऊ वर्षं झाली, मध्य प्रांत तर दोन वर्षांचाही नाही. पण तुमच्या पायांखाली जे आहे, त्यापुढे हे सगळं कालपरवाचं.

पुढ्यात काळ्या धोंड्यांचं वर्तुळ आहे. मधली जमीन किंचित फुगलेली, तिच्यावर गवत माजलेलं. एका धोंड्यापाशी एक गृहस्थ गुडघे टेकून बसले आहेत. तळहातानं माती पुसताहेत, कड चाचपताहेत. हे स्टीफन हिस्लॉप, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षं पूर्ण व्हायची आहेत. १८४५ मध्ये ते नागपूरला आले, पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. मराठी शिकले, गोंडांची गाणी उतरवून घेतली. नागपूरजवळच्या सिलेवाड्याच्या दगडांत त्यांना पानांचे ठसे सापडले, टाकळीला दगड झालेली फळं. आज त्यांच्यासोबत प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आले आहेत, ही वर्तुळं पाहायला.

खाली काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. १९६८ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव टाकळघाट-खापा इथं उत्खनन करतील. नागपूरजवळच्याच माहुरझरीला अशाच वर्तुळांत घोडे सापडतील, मालकाबरोबर पुरलेले, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने घातलेले. लोखंडी कुऱ्हाडी, काळी-तांबडी मडकी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या माणसाच्या उशाशी असं एखादं मडकं ठेवलं असेल. पुढच्या वाटेवर तहान लागेल म्हणून, किंवा रिकाम्या हातानं पाठवायला जीव होईना म्हणून.

हिस्लॉप ज्या श्रद्धेत वाढले, तिच्यात मृताबरोबर काहीच देत नाहीत. ना घोडा, ना मडकं. माणूस मातीत जातो तो एका वचनाच्या भरवशावर: ख्रिस्त उठला, म्हणून त्याचे लोकही उठतील. नुसता आत्मा नव्हे. अख्खा माणूस, नव्या देहासकट. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलानं यासाठी दाण्याचं उदाहरण घेतलंय. बाजूच्या शेतात ज्वारी उभी आहे, तिकडे एकदा बघा. मृगात जो दाणा मातीत टाकला, तो आता हुडकून सापडणार नाही.

ख्रिस्ती आशेबद्दल बोलायची वेळ आली, की आपण स्वर्गाची वर्णनं सांगत बसतो. मला वाटतं, त्यात त्या अध्यायाचा शेवट निसटून जातो. मरणाला आव्हान देऊन झाल्यावर पौल शेवटी कामाकडे वळतो: खंबीर राहा, राबत राहा, प्रभूसाठी केलेले श्रम फुकट जात नाहीत. पुनरुत्थान खरं असेल, तर पोरांना शिकवलेली बाराखडी आणि दगडाच्या नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं गावाचं नाव यांनाही अर्थ राहतो. हिस्लॉप ज्या चिकाटीनं राबले, तिचं मूळ मला इथं दिसतं.

दिवस कलतो. कृष्णपक्ष आहे, चंद्र उशिरा उगवणार. हिस्लॉप घोड्यावरून परत निघतात, तुम्ही मागोमाग. वाटेत पाणी चढलेलं आहे. अंधारात काठ कुठं संपतो आणि प्रवाह कुठं लागतो ते कळत नाही. तुम्ही ओरडता, पण तुमचा आवाज या काळात पोचत नाही. घोडा पाण्यात उतरतो. थोड्या वेळानं त्या पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही.

आता हिस्लॉप यांच्या मूठमातीला उभे राहा. नागपूरची ख्रिस्ती मंडळी लहानच आहे. काहींनी या माणसाच्या संगतीत घरदार आणि जात मागं सोडलेली. पत्नी विधवा झाली, मुलं पोरकी झाली. ‘देवाची इच्छा’ म्हणून कुणी पटकन समजूत घालायला लागलं, तर तुम्ही त्याला अडवा. बेथानीच्या लाजराला येशू उठवणार होता, तरीही त्याच्या कबरीपाशी जाताना तो रडला. योहानाच्या शुभवर्तमानात तसं स्पष्ट लिहिलंय. मरणाला ख्रिस्ती विश्वास शत्रूच म्हणतो, शेवटचा शत्रू. त्याला गोड नाव देऊन दुःख हलकं करायची मुभा या आशेत नाही. म्हणून रडणाऱ्यांना रडू द्या, आणि तोंडातून शब्द फुटला तर गाऊही द्या. दोन्ही एकाच घशातून येतं.

दफन उरकल्यावर त्यांच्या टेबलावरचे कागद पाहा. गोंडांविषयीची टिपणं अर्धवट आहेत. टेंपल ती जुळवतील आणि १८६६ साली छापून काढतील. हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू होईल. त्या टिपणांत एक लांबलचक गोंडी गीत आहे, गोंडांच्या भाटाकडून, म्हणजे परधानाकडून ऐकून शब्द न् शब्द उतरवलेलं, लिंगो नावाच्या नायकाचं. ज्यांचं त्यानं भलं केलं, तेच भाऊ त्याला मारून टाकतात. मग वरून अमृत येतं, त्याच्या अंगावर शिंपडलं जातं, आणि लिंगो उठून बसतो. आपल्या शाळेत येशूच्या पुनरुत्थानाचा धडा देणाऱ्या माणसानं हे गीत वगळलं नाही, बदललं नाही. गोंडी ओळी जशाच्या तशा ठेवल्या आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत लिहिला.