पॉइंटाचा प्रवास: खिळ्यांपासून आलेखापर्यंत

आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा आकार ज्या पॉइंटात मोजतात, तो संगणकाहून दोनेकशे वर्षांनी जुना आहे. पॅरिसमध्ये छपाईचे खिळे पाडणाऱ्या पिएर-सिमॉन फूर्निए याने १७३७ मध्ये खिळ्यांच्या मापांचे पॉइंटांतले कोष्टक प्रसिद्ध केले. तोवर प्रत्येक ओतशाळेचे माप वेगळे असे आणि एकीचे खिळे दुसरीच्या खिळ्यांशी जुळत नसत. १७८० च्या दशकात फ्रान्स्वा-अम्ब्रुआझ दिदो याने पॉइंट राजमान्य फ्रेंच इंचाशी बांधला. त्या इंचाचा ७२ वा भाग म्हणजे सुमारे ०.३७६ मिमी. पुढे क्रांती झाली, मीटर आला, राजाचा इंच कायद्यातून गेला. युरोपच्या छापखान्यांत मात्र तो पॉइंटाच्या रूपाने विसाव्या शतकातही टिकून होता.

अमेरिकी ओतशाळांनी १८८६ मध्ये आपला पॉइंट ठरवला: ९९६ पॉइंट म्हणजे ३५ सेंटिमीटर. त्यामुळे एका इंचात सुमारे ७२.२७ पॉइंट बसू लागले. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत हाच अपूर्णांक कायम केला. अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या पानवर्णनाच्या भाषेने १९८४ मध्ये तो सरळ ७२ वर आणला. दहा इंचांच्या लांबीत यामुळे जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो, पण पॉइंट दोन झाले ते झालेच.

आलेखांच्या सॉफ्टवेअरला हा सगळा वारसा मिळाला. आर या संगणकभाषेच्या ‘ग्रिड’ या चित्रणप्रणालीत दोन्ही पॉइंट वेगवेगळ्या नावांनी आहेत. आरमधल्याच जीजीप्लॉट२ या आलेखांच्या पॅकेजमध्ये मजकुराच्या थराचा आकार मिलिमीटरमध्ये द्यावा लागतो, तर शीर्षकांचा पॉइंटात. म्हणून पहिल्याला २.८४५ ने, म्हणजे ७२.२७ भागिले २५.४ ने, गुणतात. रेषेच्या जाडीलाही हाच गुणक लागतो. पण आरमध्ये जाडीचे एकक इंचाचा ९६ वा भाग असल्याने १ जाडीची रेषा कागदावर सुमारे पाऊण मिलिमीटरच भरते. ही विसंगती जुनी असली, तरी आता दुरुस्त केली तर आधीच्या असंख्य आलेखांच्या रेषा बदलतील.

पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या पॅकेजने हा गुंता बराच टाळला आहे. तिथे आकृती इंचात, रेषा आणि अक्षरे ७२ च्या पॉइंटात. पिक्सेल हवे असतील तर पॉइंटांना दर इंची पिक्सेलसंख्येने गुणून ७२ ने भागायचे. ६.४ बाय ४.८ इंचांची ठरीव आकृती इंचाला १०० पिक्सेल धरून पडद्यावर ६४० बाय ४८० होते.