पाणथरी

आमच्या लहानपणी बीड जिल्ह्यात तापकरी पोराचं पोट डावीकडे टणक लागलं, की आजी म्हणायची, "पाणथरी वाढलीय," आणि तापल्या विळ्याचा डाग द्यायची. माझ्या पोटावर तो अजून आहे.

खरा रोग हिवताप. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्यातल्या सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. गावात हिवताप किती, हे ठरवायला डॉक्टर मुलांच्या वाढलेल्या पाणथऱ्या मोजत. १९५३ पासून देशभर डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली.

पाणथरी म्हणजे प्लीहा. ती जठराला एका पातळ, दुपदरी पडद्याने जोडलेली असते. हाच जठर-प्लीहा बंध. त्यातून जठराकडे बारीक रक्तवाहिन्या जातात. प्लीहा काढायची झाली, तर सर्जनला जठराला धक्का न लावता त्या बंद करून हा पडदा कापावा लागतो.

मी वर्षानुवर्षे फळ्यावर जठर काढलं, प्लीहा काढली. मधला पडदा कधीच काढला नाही. आजीला डास दिसला नाही, मला पडदा. म्हणून आता त्या डागावरून आजीला हसत नाही. असो.