भिंतीकडून संवादाकडे

पैठण तालुक्यांतील पाचोड हें गांव संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथून अंबडवरून जालन्यास जातां येतें. या जालन्याशीं मराठवाड्याच्या इतिहासाचें एक विस्मृत पान निगडित आहे. निजामी अमदानींत हैदराबाद संस्थानचें मनोरुग्णालय जालन्यास होतें; १९५३ सालीं तें हैदराबादेतील एर्रागड्डा येथें गेलें. तिकडे मुंबई-पुण्यास ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे शब्द थट्टेचे झाले. त्या थट्टेच्या तळाशीं भय आहे, आणि तें भय इतिहासानें निर्माण केलेलें आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानांतील १८५८ चा व त्यामागून आलेला १९१२ चा कायदा पाहिला, तर त्यांत रोग्याच्या मनापेक्षां त्याच्या बंदोबस्ताचीच चिंता अधिक दिसते. दंडाधिकाऱ्याचा हुकूम व्हावा, रोगी आंत जावा आणि समाज निर्धास्त व्हावा! अशा स्थितींत ज्याची झोप उडाली, कामावरून मन उठलें, त्यास वेडा म्हणवून घेण्यापेक्षां मुकाट्यानें सोसणेंच बरें वाटलें, यांत नवल तें काय? आमच्या स्त्रियांनीं आपलें दुःख निदान जात्याला तरी सांगितलें. पुरुषांनीं तेंहि केलें नाहीं.

बोलणें व ऐकणें हाच उपचार होऊं शकतो, या विचारास व्हिएन्ना येथील ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ सालच्या ग्रंथानें शास्त्रीय चर्चेंत स्थान मिळवून दिलें. १९२२ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं मनोविश्लेषणाची भारतीय संस्था स्थापिली. १९३८ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. मसानी यांनीं मानसरोगांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. रोग्यानें यावें, सल्ला घ्यावा आणि आपल्या घरीं परतावें, ही गोष्ट वरवर लहान. परंतु जुन्या भिंतीस पडलेलें तें मोठेंच खिंडार होय. पुढें अमेरिकेंतील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धति कि. मो. फडके यांनीं मुंबईस रुजविली. ज्या ठाण्याच्या नांवानें लोक दचकत, त्याच ठाण्यांत १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानें मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली, आणि तेथें लोक आपल्या पायांनीं जाऊं लागले.

परंतु दार उघडलें म्हणून आंत काय मिळेल, हें सर्वांस ठाऊक असतेंच असें नाहीं. कोणी मंत्रासारख्या गुणाची अपेक्षा करतो, कोणी उपदेशाची. उपचारक दोहोंपैकीं कांहींच देत नाहीं. बहुधा आठवड्यास एकदां, पाऊण तासाच्या सुमारास, तो ऐकतो, विचारतो आणि काय बदलावयाचें तें आपल्यासह ठरवितो. जुनी जखम उघडल्यावर आरंभीं मन अधिक जड होणेंहि संभवतें. कांहीं आजारांत औषधहि लागतें, आणि त्यांत कमीपणा नाहीं. मात्र कांहीं आठवड्यांनीं ‘आपण कोठवर आलों?’ असें विचारण्याचा हक्क रोग्यास आहे.

योग्य माणूस कसा ओळखावा? औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. शिक्षण, अनुभव, पद्धति व शुल्क हें सारें पहिल्याच भेटींत विचारावें. त्यांत उद्धटपणा नाहीं. पदवीइतकेंच महत्त्व दोघांमधील विश्वासास आहे, हें संशोधनानेंहि वारंवार दाखविलें आहे. जो लाज वाटावयास लावतो, खात्रीच्या गुणाचें वचन देतो, किंवा उपचाराबाहेरील संबंध जोडूं पाहतो, त्याच्यापासून दूर व्हावें. सूर न जुळल्यास दुसऱ्याकडे जाणें हा अपराध नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रोग्याच्या गोष्टी गुप्त राखण्याचा हक्क मान्य केला आहे. जिवास धोका असल्यास मात्र त्यास अपवाद असतो.

आतां पुन्हां पाचोडकडे वळूं. या गांवीं ग्रामीण आरोग्यासाठीं झटणारी संस्था आहे. स्त्रिया व किशोरवयीन मुलींपर्यंत घरोघरीं पोहोंचण्याचें तिचें काम हेंच सांगतें कीं, उंबरठ्याशीं जाऊन विचारपूस केली म्हणजे मुकें दुखणें बोलकें होतें. शरीराच्या दुखण्यास जें लागू, तें मनाच्या दुखण्यास कां लागू नसावें? मोठ्या शहरांतील तज्ज्ञ येथून दूर असला, तरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशांत चालू आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें विनामूल्य सल्ला मिळतो.

जालन्याचें तें रुग्णालय जाऊन सत्तर वर्षें होऊन गेलीं. पण आमच्या घरांतील माणूस ‘मला बरें वाटत नाहीं’ म्हणतांना अजूनहि अडखळतो आणि आम्ही तो विषय बदलतों. भिंत हैदराबादेस गेली नाहीं. ती आमच्या माजघरांत आहे, आणि ती पाडण्यास कोणत्याहि हुकुमाची जरुरी नाहीं.