शेलीची हरकत आणि आधुनिक सैतानपंथ

मिल्टनच्या 'पॅरडाइस लॉस्ट' (१६६७) मधील सैतान पुढे ब्लेक-शेलींच्या काळी नायकाच्या योग्यतेचा वाटू लागला, हा विषय आपल्याकडील इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गांतून नेहमी चर्चिला जातो. त्या चर्चेत एक गोष्ट मात्र बहुधा निसटते. 'प्रॉमिथ्यूस अनबाउंड'च्या (१८२०) प्रस्तावनेत शेलीने सैतानाच्या धैर्याची थोरवी मान्य केली, तरी महत्त्वाकांक्षा, मत्सर, सूडबुद्धी व आत्मोत्कर्षाची हाव हे डाग त्याच्या ठायी दाखविले आणि मानवासाठी यातना सोसणारा प्रॉमिथ्यूस श्रेष्ठ ठरविला. आधुनिक सैतानपंथाची परीक्षा करावयाची तर हीच कसोटी मला सर्वांत न्याय्य वाटते.

३० एप्रिल १९६६ रोजी अँटन लावे यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे 'चर्च ऑफ सेटन' स्थापिले. त्यांचा सैतान खरोखरीचा देव किंवा राक्षस नव्हे. देहसुखाचे, अहंतेचे आणि ढोंगाविषयीच्या तिटकाऱ्याचे ते प्रतीक होय. या पंथावर नरबळीचे आरोप करणाऱ्यांची दखल येथे घेण्याचे कारण नाही. त्याच्या नियमांत बालकांना इजा करण्यास स्पष्ट मनाई आहे. आणि सैतानी अत्याचारांच्या भीतीला अमेरिकेत ज्याने खतपाणी घातले तो मॅकमार्टिन खटला १९९० साली एकालाही दोषी न ठरविता संपला.

खरी हरकत ग्रंथातच आहे. लावे यांच्या 'सेटॅनिक बायबल'च्या (१९६९) पहिल्या खंडाचा बराचसा मजकूर 'माइट इज राइट' या १८९६ सालच्या पुस्तकातून घेतलेला आहे. मूळ पुस्तक उघड वंशद्वेषाने भरलेले. लावे यांनी तो द्वेष गाळला, पण 'बळी तो कान पिळी' हा गाभा ठेवला. दया पात्र व्यक्तींपुरतीच राखावी, असे हा ग्रंथ सांगतो. पात्रता ठरवावयाची कोणी? ज्याच्या हाती बळ आहे त्याने, हेच त्यातून निघणारे उत्तर. म्हणजे ज्या जुलमी सत्तेविरुद्ध कवींचा सैतान उठला, तिच्याच ओसरीवर हा नवा सैतान येऊन बसला!

सैतानानेच चर्चचा धंदा इतकी वर्षे चालू ठेवला, असे लावे म्हणतात. विनोद मार्मिक खरा. परंतु तो उलटाही तितकाच लागू पडतो. काळी वस्त्रे आणि उलट्या केलेल्या प्रार्थना यांना ख्रिस्ती श्रद्धेवाचून अर्थच उरत नाही. १९७५ मध्ये पौरोहित्याची पदे पैशांवर देण्याच्या प्रश्नावरून मायकेल ॲक्विनो बाहेर पडले आणि त्यांनी 'टेंपल ऑफ सेट' काढले. मध्ययुगीन चर्चच्या क्षमापत्रांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

२०१३ साली निघालेल्या 'सेटॅनिक टेंपल'ने मात्र आपल्या सात तत्त्वांत पहिले स्थान प्राणिमात्रांविषयीच्या करुणेला दिले. शेलीची प्रस्तावना त्या मंडळींनी वाचली असो वा नसो, तिच्यातील हरकतीला उत्तर देण्याचा हा गंभीर प्रयत्न दिसतो. लावे १९९७ मध्ये वारले. त्यांचे 'चर्च' या नव्या मंडळींना सैतानपंथी मानावयासच तयार नाही.