वायकीकीचें पाणी

प्रवासास निघणारा मनुष्य बहुधा एक चित्र मनांत घेऊन निघतो, आणि परततांना तेंच चित्र पुन्हां घरीं आणतो. होनोलुलूच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. निळा समुद्र, पांढरी वाळू, वाऱ्यानें झुकलेले माड, पलीकडे डायमंड हेड नांवाचा निवालेला ज्वालामुखी आणि गळ्यांत ताज्या फुलांचा हार, एवढें सामान त्या चित्रास पुरेसें होतें. प्रशांत महासागराच्या मध्यावर, हवाई बेटांपैकीं ओआहू नांवाच्या बेटावर हें शहर वसलें आहे, आणि वायकीकी हा त्याचा जगप्रसिद्ध किनारा. २०१९ या एका वर्षांत हवाईंत एक कोटीहून अधिक प्रवासी उतरले; त्यांतील निम्म्याहून अधिक ओआहूस येऊन गेले. आम्हीही त्याच वाटेनें जाणाऱ्यांपैकीं. तेथील मौजेचें वर्णन इतरांनीं पुष्कळ केलें आहे व तें खोटें नाहीं. म्हणून येथें त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. तेथें फिरतांना ज्या एका प्रश्नानें आम्हांस गांठलें, त्याचाच मागोवा या लेखांत घ्यावयाचा आहे.

प्रश्न नांवाचा आहे. हवाईच्या भाषेंत गोड्या पाण्यास ‘वाय’ म्हणतात व समुद्रास ‘काइ’. वायकीकी या शब्दाचा अर्थ उसळतें, कारंज्यासारखें उडणारें गोडें पाणी. जी जागा साऱ्या जगांत खाऱ्या पाण्यासाठीं गाजली, तिला तिच्या मूळ रहिवाशांनीं गोड्या पाण्याचें नांव कां दिलें असावें? आणि तें पाणी गेलें कोठें? समुद्राकडे पाठ करून डोंगराच्या दिशेनें चालूं लागलें, म्हणजे हॉटेलांच्या मागें एक सरळ, रुंद आणि संथ कालवा आडवा येतो. त्याचें नांव ‘आला वाय’, म्हणजे गोड्या पाण्याची वाट. उत्तराचा धागा तेथें हातीं लागतो.

ओआहूच्या एका अंगास कोओलाऊ नांवाची डोंगरांची रांग आहे. व्यापारी वाऱ्यांनीं आणलेला पाऊस या रांगेवर पडे, आणि मानोआ, पालोलो व माकीकी या ओढ्यांनीं तो खालच्या सखल भागांत उतरे. तेथील लोकांनीं पाट काढले, बांध घातले, खाचरें पाडलीं आणि त्यांत ‘कालो’ लावला. हा कालो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या परसांतील अळू होय. पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनीं आपल्या होड्यांतून बेटामागून बेट करीत तें हवाईपर्यंत नेलें. आपण त्याच्या पानांचें फदफदें व वड्या करतों आणि कांदा बहुधा दुय्यम मानतों. तेथें कांदाच मुख्य. तो शिजवून, दगडी बत्त्यानें कुटून ‘पोइ’ नांवाचें अन्न करीत, व तेंच राजाचें आणि रंकाचें जेवण असे. त्यांच्या पुराणकथेप्रमाणें आद्य दांपत्याचें पहिलें मूल मृत जन्मलें. त्याला जेथें पुरलें तेथें पहिलें अळू उगवलें. दुसरें मूल हा मनुष्यजातीचा पूर्वज. म्हणजे अळू हा मनुष्याचा थोरला भाऊ. धाकट्यानें थोरल्याची निगा राखावी, थोरल्यानें धाकट्यास पोसावें, असा हा संबंध आहे.

अशा या वायकीकीस खाचरांच्या जोडीला मत्स्यतळीं होतीं, नारळीचीं बनें होतीं, आणि म्हणूनच ओआहूचे सरदार पिढ्यानपिढ्या येथें राहत आले. लाटांवर फळी घालून खेळण्याचा त्यांना नाद होता हें खरें. परंतु राजधानी येथें आली ती लाटांमुळें नव्हे, अन्नामुळें. भाषाही याची साक्ष देते. ‘वाय’ म्हणजे पाणी, आणि तोच शब्द दोनदां उच्चारला कीं ‘वायवाय’ म्हणजे संपत्ति. ज्यांनीं संपत्तीला पाणी-पाणी म्हटलें, त्यांना पाणी गेल्यावर काय उरतें हें वेगळें सांगावयास नको.

पाणी एका दिवसांत गेलें नाहीं. त्याच्याआधीं माणसें गेलीं, मग जमीन गेली, मग राज्य गेलें. १७७८ सालीं कॅप्टन कुक याचीं जहाजें या बेटांस लागलीं. १७९५ सालीं कामेहामेहा आपल्या होड्यांचा काफिला घेऊन वायकीकीच्याच बाजूस उतरला, आणि नुउआनूच्या खिंडींतील लढाई जिंकून त्यानें ओआहू घेतलें. बेटें एका छत्राखालीं येत होतीं, परंतु त्याच वेळीं परदेशी रोगांनीं प्रजा झडत होती. कुकच्या वेळची लोकसंख्या किती, याविषयीं मतभेद आहेत. कमींत कमी अंदाजही लाखाच्या वर जातो. १८९० च्या खानेसुमारींत मूळ हवाईयन सुमारें चाळीस हजार उरले होते. १८४८ सालीं जमिनीची वांटणी होऊन ती खासगी मालकीची वस्तु झाली, व १८५० पासून परकीयांस ती विकत घेण्याची मुभा मिळाली. जे प्रत्यक्ष खाचरांत राबत होते, त्या सामान्य रयतेच्या वांट्यास एकंदर भूमीचा शंभरावा हिस्साही आला नाहीं. राबणारे हात कमी झाले तसतशीं वायकीकीचीं पुष्कळ खाचरें चिनी शेतकऱ्यांकडे गेलीं. अळूच्या जागीं भात आला, तळ्यांत बदकें आलीं. तरी पाणी वाहत होतें आणि जमीन पिकत होती.

वायकीकीच्या मुख्य रस्त्यास आज कालाकौआ राजाचें नांव आहे. या राजाची ओळख महाराष्ट्राच्या वाचकांस असावयास हरकत नाहीं, कारण १८८१ सालच्या आपल्या जगप्रवासांत तो मुंबईसही येऊन गेला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला राज्यारूढ राजा म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्या कारकीर्दींत १८८२ सालीं इओलानी हा राजवाडा पुरा झाला, आणि बंद पडलेल्या हुला नृत्यास पुन्हां दरबारीं मान मिळाला. परंतु साखरेच्या मळ्यांचे गोरे धनी तोंपर्यंत प्रबळ झाले होते. १८८७ सालीं त्यांनीं बंदुकांच्या धाकानें नवी राज्यघटना त्याच्या गळीं उतरविली. त्याच्यामागून त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. तिनें राजसत्तेचे अधिकार परत मिळविण्याचा विचार करतांच, १७ जानेवारी १८९३ रोजीं तिला पदच्युत करण्यांत आलें. आदल्याच दिवशीं ‘बॉस्टन’ या अमेरिकन युद्धनौकेवरून १६२ सैनिक शहरांत उतरले होते. १८९५ सालीं तिला तिच्याच राजवाड्याच्या एका खोलींत सुमारें आठ महिने कैदेंत ठेवलें.

सातारच्या गादीसाठीं रंगो बापूजी विलायतेस जाऊन वर्षानुवर्षें झगडले, ही हकीकत आपणांस परिचित आहे. हवाईच्या लोकांनींही तोच मार्ग चोखाळला. १८९७ सालीं एकवीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन त्यांचे चार प्रतिनिधि वॉशिंग्टनला गेले. उरल्या प्रजेच्या निम्म्याहून अधिक हा आंकडा आहे. विलीनीकरणाचा तह त्या वेळीं बारगळला. परंतु पुढल्याच वर्षीं स्पेनशीं युद्ध जुंपलें असतां केवळ ठराव करून अमेरिकेनें हें राज्य खालसा केलें. तो अर्ज दप्तरखान्यांत पडून राहिला. १९९६ सालीं नोएनोए सिल्व्हा या विदुषीनें तो पुन्हां प्रकाशांत आणला, तेव्हां कित्येकांस आपल्या पणज्यांच्या सह्या प्रथमच दृष्टीस पडल्या. त्याआधीं १९९३ सालीं अमेरिकन काँग्रेसनें राज्य उलथविण्यांतील आपल्या हाताबद्दल ठराव करून क्षमा मागितली होती. क्षमेबरोबर भूमि परत आली नाहीं.

ध्वज बदलल्यावर तीनच वर्षांनीं, १९०१ सालीं, वायकीकीच्या वाळूवर मोआना हें मोठें हॉटेल उघडलें. आतां येथें पाहुणे यावयाचे, आणि पाहुण्यांस दलदल, डांस व बदकें नकोत. १९०६ सालीं आरोग्यमंडळाचे अध्यक्ष लूशियस पिंकम यांनीं हा सर्व भाग कोरडा करण्याची योजना मांडली. पुढें ते गव्हर्नर झाले. खाचरांस अनारोग्यकारक ठरवावें, मालकास भराव घालण्याचा हुकूम द्यावा, त्याला तो खर्च न झेपल्यास सरकारनें भराव घालून बोजा जमिनीवर चढवावा, असा हा मार्ग होता. १९२१ सालीं आला वाय कालव्याचें खोदकाम सुरू झालें व १९२८ सालीं संपलें. डोंगरांतून येणारे ओढे त्यांत वळविले; उपसलेल्या मातीनें खाचरें आणि तळीं बुजविलीं. मुंबईकरांस समुद्र हटवून जमीन करणें ठाऊक आहे. येथें पिकती जमीन बुजवून विकती जमीन केली गेली. मत्सन जहाजकंपनीचें चाळीस लक्ष डॉलर खर्चून बांधलेलें रॉयल हवाईयन हें गुलाबी हॉटेल १९२७ सालीं उघडलें, तेव्हां कालवा पुरा व्हावयाचाच होता.

आरोग्याच्या नांवानें खणलेल्या या कालव्याचें पुढें काय झालें? त्याला दोन तोंडें ठेवण्याचा मूळ बेत होता. गाळ किनाऱ्यावर येईल या भीतीनें दुसरें तोंड केलेंच नाहीं, त्यामुळें पाणी मुरगळून बसलें. २००६ च्या मार्चमध्यें अतिवृष्टीनें सांडपाण्याचा मोठा नळ फुटला, तेव्हां चार कोटि ऐंशी लक्ष गॅलन मैलापाणी याच गोड्या पाण्याच्या वाटेंत सोडावें लागलें. किनाऱ्याचीही तीच गोष्ट. हॉटेलांच्या रक्षणासाठीं बांधलेल्या भिंतींनीं वाळू धुपूं लागली, आणि तेव्हांपासून ती बाहेरून आणून घालावी लागते. २०१२ सालीं तर समुद्राच्या तळांतून उपसून पसरली. ज्याला प्रवासी निसर्गाची देणगी म्हणतो, तो किनारा वस्तुतः दुरुस्तीवर चालणारा एक कारखाना आहे. आणि जी बेटें एके काळीं आपल्या अन्नावर जगत, त्यांच्या अन्नाचा फार मोठा भाग आज जहाजांनीं येतो.

मग प्रवाशानें तेथें जाऊं नये काय? असें म्हणणारी माणसें हवाईंत आहेत. कवयित्री व अध्यापिका हौनानी-के ट्रास्क, ज्यांचें २०२१ सालीं निधन झालें, त्यांनीं परदेशी प्रवाशांस आमच्या देशीं येऊंच नका असें स्पष्ट शब्दांत बजावलें. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. १९३७ पासून २००२ पर्यंत वायकीकीस हुलाचा एक खेळ चाले. तो फोटो चांगले यावेत म्हणून दिवसाउजेडीं ठेवलेला असे. देवतेची आणि राजवंशाची कथा सांगणारें नृत्य सूर्यप्रकाशाच्या सोयीनें नाचवावयाचें, यांतील अपमान परक्यास चटकन् उमगत नाहीं. दुसऱ्या बाजूस, २०२० सालीं महामारीमुळें विमानें थांबलीं आणि किनारा ओस पडला, तेव्हां हजारों घरांची चूल ज्या पगारावर चाले तो पगारही थांबला. ज्या धंद्यानें भूमि गेली, त्याच धंद्यावर आज पोट आहे, हा पेंच प्रवाशाच्या येण्यानें किंवा न येण्यानें सुटणारा नाहीं.

आम्हांस वाटतें तें इतकेंच, कीं पाहुण्यास आपण कोणाच्या घरीं आलों आहों याची जाणीव असावी. पर्ल हार्बर येथें ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्यांत ‘ॲरिझोना’ या नौकेवर ११७७ माणसें मृत्यु पावलीं. तिच्या स्मारकापुढें प्रवासी मस्तक लववून उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. त्यांनीं इओलानी राजवाड्यांतील राणीच्या कैदेच्या खोलीपुढेंही क्षणभर थांबावें. त्या बंदरांतील एका जागेसही मोत्यांचें पाणी, ‘वाय मोमी’, असें जुनें नांव होतें हें जाणावें. वायकीकीच्या वाळूवर ड्यूक कहानामोकू या थोर पोहणाऱ्याचा पुतळा आहे. १९१२ च्या ऑलिंपिकमध्यें त्यानें सुवर्णपदक मिळविलें होतें. १९९० सालीं उभारलेल्या या पुतळ्याची पाठ समुद्राकडे व तोंड रस्त्याकडे आहे. लाटांवर वाढलेला मनुष्य समुद्राकडे पाठ कधीं करीत नाहीं, असें तेथील लोक म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यांत तक्रार असते ती शिल्पकाराविषयीं मात्र नव्हे.

आणि ज्याला एक सकाळ मोकळी असेल, त्यानें मानोआच्या खोऱ्यांत जावें. तेथें हवाई विद्यापीठाच्या आवारांत, ओढ्याच्या कांठीं, कानेवाय नांवाची जागा आहे. १९८० च्या सुमारास विद्यार्थ्यांस तेथें झाडोऱ्यांत बुजलेला एक जुना पाट सांपडला. त्यांनीं तो साफ केला, बांध पुन्हां घातले, आणि ओढ्याचें पाणी खाचरांत वळविलें. आज तेथें अळू आहे; रुंद पानें, त्यांवर न टिकणारे थेंब, आपल्या परसांत दिसतें तसेंच. ज्या पाण्यानें पूर्वी वायकीकी पिकत असे, त्यांतलेंच हें पाणी. खाचरांतून निघून तें पुन्हां ओढ्यास मिळतें, ओढा खालीं जाऊन आला वाय कालव्यास मिळतो, आणि कालवा हॉटेलांच्या मागून समुद्रास.