एकसष्ट पदार्थांचा फॉर्म

तुम्ही १९८० सालच्या बोस्टनमध्ये आहात. चॅनिंग प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक छापील फॉर्म पडलाय. त्यावर ६१ पदार्थ आहेत आणि प्रत्येकापुढे नऊ रकाने, 'जवळजवळ कधीच नाही'पासून 'दिवसाला सहा वेळा किंवा जास्त'पर्यंत. गेल्या वर्षभरात अंडी किती वेळा खाल्लीत? लोणी? गोमांस? एवढ्यावरून कर्करोगाचा माग काढायचा? शंका येतेय ना? ती सोडू नका, पुढे कामाला येईल.

फॉर्म जाणार आहे नर्सेसना. १९७६ मध्ये संशोधक फ्रँक स्पायझर यांनी अमेरिकेतल्या ११ राज्यांतल्या ३० ते ५५ वयाच्या विवाहित नर्सेसना पत्रं धाडली आणि १,२१,७०० जणींनी उत्तरं दिली. तेव्हाचा मुख्य प्रश्न गर्भनिरोधक गोळ्यांचा होता. आहाराची पाळी आता आलीय, सहसंशोधक वॉल्टर विलेट यांच्या हातून. नर्सला आजाराबद्दलचा प्रश्न नेमका कळतो आणि ती नेमकं उत्तर देते, म्हणून ही निवड.

एवढा खटाटोप कशाला, सरळ रुग्णांनाच विचारावं, असं वाटतंय? मग एखाद्या इस्पितळात डोकावून या. स्तनाचा कर्करोग झालेली बाई खाटेवर पडल्या पडल्या एकच गोष्ट शोधत असते: माझं काय चुकलं? शोधता शोधता तिच्या आठवणीतलं लोणी वाढत जातं. निरोगी बाईला इतक्या तळमळीनं आठवायचं कारणच नसतं. दोघींच्या उत्तरांतला फरक मग आहाराचा की दुःखाचा, हे कोण सांगणार? म्हणून उत्तर आजाराच्या आधी लिहून घ्यायचं, आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. या पद्धतीचा सगळा जीव इथे आहे.

आता ती शंका बाहेर काढा आणि बोस्टन परिसरातल्या १७३ नर्सेसच्या स्वयंपाकघरांत जा. वर्षभरात चार वेळा, प्रत्येक वेळी आठवडाभर, त्या खाल्लेलं सगळं तोलून लिहून ठेवतायत. त्यांनी फॉर्मही भरलाय, वर्ष संपल्यावर पुन्हा भरतील. दोन्ही ताडून पाहायचं. फॉर्म ग्रॅमचा हिशेब अचूक देत नाही, आणि तेवढी अपेक्षाही नाही. कोण जास्त खातं, कोण कमी, एवढा क्रम बऱ्यापैकी लागला तरी तुलना करता येते. हे कंटाळवाणं, चिवट काम मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं.

दोन वर्षं पुढे या. टपालानं पाकिटं येतायत, आत कातरलेली पायाची नखं! साठ हजारांहून अधिक जणींनी ती पाठवली. सेलेनियम कर्करोगापासून वाचवतं का, हे पाहायचंय. पण गव्हातलं सेलेनियम जमिनीवर ठरतं. पाव कुठल्या मातीतून आला हे खाणारीला कुठून कळणार? नखाला मात्र कळतं.

१९८७. चरबीबद्दलचा निकाल छापून आला. फॉर्म भरताना कर्करोग नसलेल्या ८९,५३८ जणींपैकी ६०१ जणींना चार वर्षांत स्तनाचा कर्करोग झाला. जास्त चरबी खाणाऱ्यांना धोका जास्त, असं देशादेशांची तुलना करून मानलं जात होतं. इथे तसं दिसलं नाही. पण आकडे नीट वाचा. सर्वांत कमी चरबी खाणाऱ्या गटालाही ३२ टक्के ऊर्जा चरबीतूनच मिळत होती, सर्वांत वरच्या गटाला ४४ टक्के. वीस टक्क्यांवर जगणाऱ्या बाईबद्दल हा अभ्यास काहीच बोलू शकत नाही, कारण त्यात तशी बाई जवळपास नव्हतीच.

म्हणून पुढचा अभ्यास आखताना तुम्ही माणसं किती, याच्याबरोबरच त्यांच्या ताटांत फरक किती, हेही विचाराल. १९९२ पासून युरोपात 'एपिक' या अभ्यासासाठी हेच विचारलं गेलं: ग्रीसपासून नॉर्वेपर्यंत दहा देशांतली पाच लाखांवर माणसं घेतली गेली, आणि ऑक्सफर्डच्या केंद्रानं तर शाकाहारी मंडळी मुद्दाम शोधून नोंदवली.