८०८५ किट ते रास्पबेरी पाय : सिंगल बोर्ड संगणक आणि प्रारंभिक प्रोग्रॅमिंगचे अध्यापन

आपल्याकडील संगणक-शिक्षणाच्या इतिहासात योजनांची नोंद होते; विद्यार्थ्याच्या हातात प्रत्यक्ष काय आले, याची क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

शालेय पातळीवर केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. प्रारंभी सुमारे २५० शाळांना केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आला. यंत्र चालू करताच बेसिक भाषेत आज्ञा लिहिता येत असे. मात्र यंत्रे मोजकीच असल्याने एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला वेळ थोडा येई.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सिंगल बोर्ड संगणक भेटला तो वेगळ्या वाटेने. इंटेलच्या १९७६ च्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरवर आधारलेले ‘किट’ म्हणजे एकाच पट्टीवर प्रोसेसर, स्मृती, कळफलक आणि सहा अंकी प्रदर्शक. पडदा नाही. पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर ‘३ई ०५ सी६ ०३’ असे सांकेतिक अंक एकेक करून भरावे लागत. औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) पदवीचे शिक्षण घेताना आम्ही चौघे एका किटभोवती बसत असू. भारनियमनात वीज गेली की स्मृतीतील प्रोग्रॅम पुसला जाई आणि सर्व अंक पुन्हा भरावे लागत. या त्रासानेच प्रोग्रॅम आधी कागदावर नीट मांडण्याची सवय लावली, हे आज मान्य करावे लागते.

त्रास आणखी एक होता. किट ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये नोंदलेले असे; बिघडल्यास भरपाई कोणाकडून, हा प्रश्न प्रयोगापूर्वीच उभा राही. साहजिकच कळ दाबणारा हात एकच, उरलेले तिघे प्रेक्षक.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आलेल्या ३५ डॉलरच्या रास्पबेरी पायचे महत्त्व येथे आहे. त्याचे जन्मस्थानही केंब्रिजच. त्यातील एआरएम प्रोसेसरची मूळ रचना १९८० च्या दशकात एकॉर्नमध्येच झाली होती आणि ‘मॉडेल बी’ हे नाव बीबीसी मायक्रोची आठवण ठेवून दिलेले. पायथनच्या चार ओळींत दिवा लागतो, हे खरे. परंतु वेगापेक्षा स्वस्तपणा अधिक मोलाचा, कारण त्यामुळे चूक परवडते. या बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टची तार चुकून लागली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. नवशिक्याकडून ती कधीतरी लागतेच.

२०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबमुळे असे बोर्ड शाळांतही पोहोचू लागले. साधन बदलले तरी रजिस्टर बदलले नाही, तर बोर्ड पुन्हा कपाटात जातो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. म्हणून गेल्या सत्रात आम्ही दोन बोर्डांची नोंद ‘उपभोग्य साहित्य’ या सदरात करून घेतली. त्यांपैकी एक जळाला. कोणाच्या हातून, हे रजिस्टरमध्ये लिहिलेले नाही.